पुरवून बोलणे

आमच्या मावशीचे बोलणे अलीकडे फार आखूड झाले आहे, ही तक्रार प्रथम तिच्या मुलाने केली. हा आमचा मावसभाऊ गेली वीस वर्षे कॅनडात टोरोंटो येथे राहतो. आपल्याकडे सायंकाळचे सात वाजले की तिकडे त्याची सकाळ असते, आणि कामाला बसण्यापूर्वी तो आईला फोन करतो. पूर्वी हा संवाद तासभर चाले. दांडिया बाजारातल्या कोणत्या घरी लग्न ठरले, खंडेराव मार्केटात वांगी काय भावाने मिळाली, शेजारचा कोणता वाडा पाडून तेथे केवढी इमारत उठली, असे सारे बडोदे त्या तासाभरात मावशी लेकाला पोचवी. गेल्या वर्षभरात मात्र चार-पाच मिनिटे होतात न होतात तोच 'बरं, ठेवते आता' असे म्हणून ती मोकळी होऊ लागली.

दूरदेशी असलेल्या माणसाचे मन अशा वेळी भलतीकडेच धावते. आईला ऐकू येईनासे झाले काय, तिचे स्मरण मंदावले काय, की आपल्या एखाद्या बोलण्याचा तिने राग धरला आहे, असे नाना तर्क त्याने केले. सुनेला वाटे की आपलेच काही चुकले. शेवटी एके रात्री त्याने आम्हांला फोन केला आणि म्हणाला, 'दादा, तू जरा तिच्याजवळ जाऊन बसून ये. काय असेल ते मला खरे खरे सांग.'

आम्ही गेलो. मावशीचे वय ७९. वाडा तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळचा. त्याच्या मागच्या चौकातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. सकाळी कामाला बाई येते, दुपारनंतर घरात मावशी आणि तिचे देव. प्रकृती पाहावी तर ठणठणीत. तिने चहा केला, चिवड्याची बशी पुढे ठेवली, आमच्या घरातल्या एकेकाची नावानिशी चौकशी केली. कान शाबूत, स्मरण शाबूत आणि बोलण्याची हौस तर पूर्वीइतकीच. मग मुलाशीच आखूड का? हा विषय कसा काढावा या विचारात आम्ही होतो, तोच मावशी उठली, देवांशेजारच्या कोनाड्यातला फोन उचलून तिने डोळ्यांजवळ नेला, आणि आजाऱ्याचा ताप वाचावा तशा स्वरात म्हणाली, 'एक्केचाळीस.'

'एक्केचाळीस काय?'

'टक्के. आता सातपर्यंत पस्तीसवर येईल. त्याच्याशी बोलण्यात दहा-पंधरा गेले की वीस उरतात. ते वीस मी मोडत नाही. रात्री-अपरात्री पडले-झडले तर तुम्हां कुणाला हाक कशी मारायची?'

वाचकहो, एवढ्यावर साऱ्या कोड्याचा उलगडा झाला. मावशी रागावलेली नव्हती, खचलेलीही नव्हती. महिनाअखेरीस साखर पुरवावी तशी ती लेकाशी पुरवून बोलत होती. आणि तो बिचारा हजारो कोसांवर, आईचे मन आपल्यावरून उडाले की काय या विचाराने झुरत होता.

'अगं, मग दुपारी थोडा वेळ चार्जिंगला का लावत नाहीस?' आम्ही विचारले.

'पूर्ण संपल्याशिवाय लावायची नसते. हे सांगून गेलेत. आणि रात्री तर मुळीच नाही. जळतात म्हणे फोन.'

म्हणजे क्रम असा : उरलेले वीस टक्के रात्रीतून आपोआप संपत, पहाटे फोन बंद पडलेला असे, अंघोळ, पूजा होईपर्यंत मावशी तो लावून ठेवी, दहाच्या सुमारास शंभर भरत आणि पाचला ते एक्केचाळीसवर येत. दिवसभरात तिने कोणाला फोन केला म्हणावे तर तोही नाही. ज्या रात्रीसाठी म्हणून ती वीस टक्के राखी, त्या रात्रीच्या उत्तरार्धात फोन मेलेलाच असे, हे मात्र तिच्या ध्यानात आले नव्हते.

काकांचा नियम

आमचे काका मोठे नेटके गृहस्थ. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की ते गच्चीवर उन्हात मांडीत आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता त्यांच्यात जीव आणीत. आपल्यापैकी पुष्कळांनी हे केले आहे, आणि त्यात अंधश्रद्धा काही नव्हती. त्या जस्ताच्या सेलातील रासायनिक क्रिया ऊब मिळाली की वेग घेते; म्हणून उतरलेला सेल घटकाभर पुन्हा चाले. 'पूर्ण संपू द्यावी, मगच भरावी' हा काकांचा दुसरा नियमही त्या काळी खोटा नव्हता. पुन्हा पुन्हा भरता येणारी जी बॅटरी तेव्हा घरोघर आली, ती निकेल आणि कॅडमियम या धातूंची असे. तिला अर्ध्यावरच पुन्हा पुन्हा भरत राहिले तर ती त्या अर्ध्याचीच सवय लावून घेई आणि उरलेली शक्ती देईनाशी होई. म्हणून ती अधूनमधून पार रिकामी करणे शहाणपणाचे होते.

परंतु आज खिशातल्या फोनमध्ये जी बॅटरी असते तिचे कूळच वेगळे. ती लिथियमची. तिचा पाया १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी घातला, १९८० साली जॉन गुडइनफ यांनी तिला अधिक जोर दिला, १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी ती घरात वापरण्याजोगी निर्धोक केली, आणि १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा कोणी नाही. म्हाताऱ्या माणसांनी या बॅटरीला परके मानू नये, याला एवढे कारणही पुरेसे आहे.

या लिथियमच्या बॅटरीला अर्ध्यावर भरल्याचा राग येत नाही. उलट, पार रिकामे होणे हाच तिला जाच. वीस टक्क्यांच्या आसपास लावावी, ऐंशीच्या आसपास काढावी, दिवसातून दोनदा थोडी थोडी भरली तरी चालेल, किंबहुना तेच तिला मानवते. थोडक्यात, एका वेळी कडकडीत उपास आणि दुसऱ्या वेळी पोट फुटेस्तोवर पारणे, हे तिला सोसत नाही. मावशी चार वर्षे तिला रोज एकादशी घडवीत होती आणि रोज द्वादशी.

झोपाळा आणि त्याच्या कड्या

हे असे का, हे मावशीला समजावून सांगणे कठीण पडेल असे आम्हांला वाटले होते. तिच्याच ओटीवरच्या झोपाळ्याने ते सोपे केले. बडोद्याच्या घरात एक वेळ खुर्ची नसेल, पण झोपाळा असतो.

बॅटरीच्या आत दोन बाजू असतात. एका बाजूला लिथियमचा निवास असलेले धातूंचे संयुग, दुसऱ्या बाजूला ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला कर्ब. हा कर्ब पोथीच्या पानांसारखा थरांथरांनी रचलेला असतो. फोन चार्जिंगला लावला की लिथियमचे विद्युत्भारित कण पलीकडून निघून या पानांमध्ये येऊन बसतात. फोन वापरू लागलो की ते पानांतून निघून पुन्हा आपल्या जागी जातात, आणि त्यांच्या या येण्याजाण्यातूनच आपल्याला वीज मिळते. झोपाळ्याचा एक झोका तिकडे, एक इकडे. बॅटरीचे सारे आयुष्य म्हणजे हे झोके.

परंतु प्रत्येक झोक्यागणिक कडी थोडी झिजते. काही कण कर्बाच्या पृष्ठावर साचणाऱ्या पातळ पापुद्र्यात अडकून पडतात, ते पुन्हा कामास येत नाहीत. बॅटरी तुडुंब भरून तशीच ठेवली तर आतला ताण वाढून ही झीज वाढते. आणि त्यात उष्णतेची भर पडली तर विचारूच नये. याचसाठी युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनांवर असे बंधन घातले की, ८०० वेळा पूर्ण भरून रिती केल्यावरही बॅटरीत मूळच्या निदान ८० टक्के शक्ती शिल्लक राहिली पाहिजे. मावशीने चार वर्षे रोज एकदा भरून रिती केली, म्हणजे चौदाशेच्या वर झोके झाले. तिच्या फोनवर शंभर टक्के लिहून येत ते खरे. पण ते शंभर नव्या शेराचे नव्हते, झिजून लहान झालेल्या मापाचे होते.

आणखी एक गोष्ट. या टक्केवारीवर लोक भलताच विश्वास ठेवतात. बॅटरी म्हणजे काही घागर नव्हे की आत डोकावून पाणी कुठवर आले ते पाहावे. किती वीज आत गेली, किती बाहेर आली, आतला दाब किती, यांवरून फोन हिशेब करतो आणि आकडा सांगतो. बॅटरी जुनी झाली की हा हिशेब चुकू लागतो. शिवाय जुन्या बॅटरीचे वृद्ध माणसासारखे होते. बसल्या जागी सारे ठीक. जिना चढायला सांगितला की धाप लागते. फोनवर एकदम मोठे काम पडले की तिचा दाब खाली येतो आणि पंधरा टक्के दिसत असतानाच फोन बंद पडतो. ॲपल कंपनीने २०१७च्या डिसेंबरात हेच कबूल केले होते : जुन्या बॅटरीचे फोन असे अवचित बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करीत होतो. ग्राहक संतापले, आणि पुढे वर्षभर कंपनीला बॅटरी स्वस्तात बदलून द्यावी लागली.

दोन फूट जाडीच्या भिंती

इतके समजूनही एक प्रश्न उरत होता. दिवसभर कोणाशी न बोलता सकाळचे शंभर पाचपर्यंत एक्केचाळीसवर येतात कसे? बॅटरी जुनी झाली हे खरे, पण ही गळती त्याहून मोठी होती.

याचे उत्तर वाड्याच्या भिंतींनी दिले. आपल्या पूर्वजांनी हे वाडे विटा आणि चुन्याने बांधले, भिंती दोन-दोन फूट जाडीच्या. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसवर जातो तेव्हाही माजघरात गारवा असतो, तो या भिंतींमुळे. पण ज्या भिंती ऊन आत येऊ देत नाहीत, त्या फोनच्या लहरींनाही सहजी वाट देत नाहीत. आणि फोन आपण वापरीत नसलो तरी स्वस्थ नसतो. जवळच्या मनोऱ्याशी त्याचा अधूनमधून पुकारा चालूच असतो. मनोरा स्पष्ट दिसत असेल तर कुजबुजून भागते. भिंतीआडून बोलायचे तर ओरडावे लागते, आणि हाक तुटली की पुन्हा शोधाशोध. फोनचे हे ओरडणे आपल्या कानांवर येत नाही. ते बॅटरीतून वजा होते.

मावशीने फोन ठेवायला सगळ्या घरातली सुरक्षित जागा निवडली होती : माजघरातला, तिन्ही बाजूंनी भिंतीत खोल गेलेला कोनाडा. तेथे लहरींची ती चार पट्ट्यांची खूण कधी एक दाखवी, कधी तीही नाही. दिवसभर तो बापडा देवांच्या शेजारी बसून ओरडत होता, रात्रभर ओरडत होता, आणि पहाटे घसा बसून गप्प होत होता.

त्यात सातची चित्रासह होणारी भेट. फोनच्या कामांत हे फार खर्चिक. पडदा उजळ, कॅमेरा चालू, चित्र सतत जात-येत, आणि हे सारे भिंतीपलीकडे पोचवायचे. नुसता आवाज असेल आणि फोन कानाला लावून पडदा विझलेला असेल तर खर्च पुष्कळ कमी होतो. पण नातवंडांचे तोंड पाहायचे तर काटकसर करा असे आजीला कोण सांगणार?

पडद्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बहुतेकांच्या फोनमध्ये विजेचा मोठा वाटा हा पडदाच खातो. मावशीने दृष्टी अधू म्हणून उजेड पूर्ण वाढवून ठेवला होता. त्याऐवजी आम्ही अक्षरे मोठी केली आणि उजेड निम्म्यावर आणला. तिला वाचायला उलट सोपे झाले. नातेवाइकांच्या समूहात पहाटे पाचपासून सुप्रभाताची फुले येत, आणि प्रत्येक फुलागणिक पडदा उजळे. त्या समूहाची वर्दी बंद केली. आमच्या धाकट्या मुलीला एक खोड आहे : वापरून झाले की उघडलेली सारी कामे बोटाने झाडून टाकायची, म्हणजे बॅटरी वाचते म्हणे. तसे होत नाही. प्रत्येक चहानंतर चूल विझवून पुढच्या चहाला ती नव्याने पेटवण्यासारखेच ते आहे. सरपण अधिकच जळते.

रात्रीची भीती

राहिली जळण्याची भीती. तिला आधार नाही असे नाही. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनांनी पेट घेतला. विमानांत ते नेण्यास बंदी झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीला तो फोन काढणेच बंद करावे लागले. बॅटरी बनवण्यातच दोष होता. मावशीने ती बातमी वाचली होती, आणि एकट्या बाईने घरात विस्तव ठेवून झोपू नये हा तिचा जन्माचा नियम. पण फोन भरला की विजेची आवक तो आपणच थांबवतो. भय असते ते फुगलेल्या बॅटरीचे, रस्त्यावर घेतलेल्या हलक्या चार्जरचे, आणि फोन उशीखाली किंवा गोधडीत ठेवून भरण्याचे. मागचे झाकण वर उचललेले दिसले, तर ती बॅटरी तत्क्षणी वापरातून काढावी. ती दाबू नये, टोचू नये, उन्हात तर ठेवूच नये. काकांची गच्ची येथे उपयोगाची नाही.

आणि विजेचा खर्च? मावशीने तोही विचारला. फोनच्या भरल्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास शक्ती असते. तिच्यावर ९ वॅटचा दिवा दोन तास चालेल आणि आपला जुना छताचा पंखा जेमतेम पाव तास फिरेल. वाटेतली गळती धरूनही एका युनिटात फोन चाळीस वेळा भरतो. वर्षभर रोज भरला तरी नऊ-दहा युनिटे. हे ऐकून मावशी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'एवढ्यासाठी मी त्याला पाच मिनिटांत वाटेला लावत होते?'

त्यावर आम्हांला काही बोलवेना.

दुसऱ्या दिवशी फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार भाईंनी बॅटरी काढून तळहातावर ठेवली, ती मधोमध किंचित फुगीर झालेली होती. नवी बसवली. फोनची जागा माजघरातून ओटीवरच्या खिडकीत आणली. तेथे चारही पट्ट्या दिसतात. येथे आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. खिडकी पश्चिमेची. चौथ्या दिवशी दुपारी मावशीने फोन हातात घेतला तो चटका बसण्याइतका तापलेला, आणि फोन काही केल्या भरेना, कारण ऊन लागले की तो स्वतःला वाचवण्यासाठी भरणे थांबवतो. पस्तीस अंशांपलीकडची हवाही या बॅटरीला मानवत नाही, मग बडोद्याच्या उन्हाची काय कथा! कोनाड्यात लहरी नाहीत आणि खिडकीत ऊन आहे, असा पेच पडला. शेवटी मावशीनेच तोड काढली. खिडकीपासून हातभर आत, झोपाळ्याशेजारी काकांचा जुना पानदानाचा चौरंग होता, त्यावर फोनची कायमची बैठक झाली. वारा आहे, सावली आहे, लहरी आहेत, आणि चार्जिंगची तारही तेथवर पोचते.

आता नियम असा ठरला आहे. दुपारी आडवे होण्यापूर्वी फोन लावायचा, चहाला उठली की काढायचा. रात्री दिवेलागण करून मुलाशी बोलून झाले की पुन्हा थोडा लावायचा, म्हणजे झोपताना ऐंशीच्या घरात असतो आणि सकाळी उठताना सत्तरच्या. वीस टक्क्यांची ती राखण संपली. पूर्वी देवापुढच्या समईत सांजेला तेल घालताना ते किती उरले आहे हे कोणी मोजत नसे. उरले असले तरी घालायचेच. तीच रीत येथे लागू पडते.

टोरोंटोला आम्ही सविस्तर कळवले. मावसभाऊ फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग इतकेच म्हणाला, 'दादा, आम्ही तिला दरवर्षी काय हवे विचारतो. ती म्हणते, काही नको. बॅटरी हवी हे तिने एकदाही सांगितले नाही.' आपल्या घरांतली वडीलधारी माणसे सांगत नाहीतच. ती पुरवून घेतात. म्हणून एखाद्या आजीचा फोन लवकर ठेवला जाऊ लागला, तर तिच्या मनाची चौकशी जरूर करावी. पण त्याआधी तिचा फोन कोणत्या कोनाड्यात असतो आणि किती वर्षांचा झाला आहे, हेही एकदा पाहावे.

परवा रात्री नऊ वाजता मावशीचा फोन आला. लेकाशी सव्वा तास बोलून झाल्यावर तिला आमची आठवण झाली होती. नातीने तिकडे पुरणपोळी कशी केली, ती कुठे कुठे फुटली, हे सारे सांगून झाले. आम्ही सवयीने विचारले, 'किती टक्के उरलेत?'

'कोण जाणे,' मावशी म्हणाली, 'पाहिलेच नाही.'